सव्विसाव्या घराला अंक नाही

मंगळवार, रात्री उशिरा

दिवसभर एकच संख्या डोक्यात घोळतेय. वहीच्या ओळीत जेमतेम मावते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पंचवीस अंकी. एकं, दहं, शतं करत निघालं तर अठराव्या घरात परार्ध येतो आणि आपली नावंच संपतात. ही त्याच्याही सात घरं पुढे.

गंमत अशी की डावीकडून पहिले दोन अंक घ्यावेत, ३६, त्याला दोनने भाग जातो. पहिले तीन, ३६०, तीनने जातो. ३६०८ ला चारने, ३६०८५ ला पाचने. सातची पाळी आली की मी जरा सावरून बसते, कारण तिथे नुसत्या नजरेने काम भागत नाही, भागाकार मांडावाच लागतो. ३६०८५२८ भागिले ७, उत्तर ५१५५०४, बाकी शून्य. हे असं थेट पंचविसापर्यंत चालतं.

आणि पुढे अडतं. शेवटी एक शून्य जोडून २६ ने भागलं तर बाकी १२ उरते. म्हणजे शून्याच्या जागी १४ हवेत, आणि एका घरात १४ बसणार कसे? दशमान पद्धतीत अशी याहून मोठी संख्या नाही.

दहाव्या घरापर्यंत पुढचा अंक हमखास मिळतो, कारण अंक दहा आणि भाजक दहाच्या आतला. नऊ अंकी अशा संख्या २४९२, दहा अंकीही नेमक्या २४९२, कारण दहावा अंक शून्यच लागतो. अकरापासून मात्र नशिबाचा खेळ. वीस अंकी ४४ उरतात, चोवीस अंकी ३, पंचवीस अंकी ही एकटी.

खरं सांगायचं तर मला हिच्यापेक्षा हिच्या जातीतली धाकटी जास्त आवडते. ३८१६५४७२९. इथे १ ते ९ हे अंक एकेकदाच यायचे, ही वरची अट. थोरली शोधायला संगणक बरा, ही मात्र चहा संपेपर्यंत कागदावर सापडते. पाचव्या घरात ५ च. सम घरांत सम अंक. चार आणि आठच्या अटींमुळे २ आणि ६ चौथ्या आणि आठव्या घरात जाऊन बसतात. तीन आणि सहाची अट लावली की फक्त दहा उमेदवार उरतात, आणि मग सुरू होते सातची साडेसाती! त्या दहांत चक्क ९८७६५४३२१ आहे. इतकी सरळ, शहाण्यासारखी उतरत आलेली संख्या, पण ९८७६५४३ ला सातने भागलं की बाकी ५. बाद. इतर आठ जणीही तिथेच गळतात.

राहते ३८१६५४७२९. तिच्यापुढे शून्य मांडलं की दहानेही भाग जातो, आणि दहाच्या दहा अंक एकेकदा येऊन जातात.