आमचा ‘ळ’

लातूरच्या गंजगोलाईत आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, सुरू झालं. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला एक काका होते. पत्रिकेवरची वधूवरांची नावं मात्र ते खिळ्यांत कधी जुळवत नसत. बोरूनं लिहायचे आणि त्याचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करून आणायचे. देवनागरीच्या बोरूचा काप इंग्रजी कटनिबच्या उलट तिरका, हे मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. बोरू तासायचा त्यांचा चाकू दुसऱ्या कुणी हातात घेतलेला त्यांना चालत नसे.

संगणक आल्यावर त्यांच्याच अक्षराचा फॉन्ट करायचं ठरवलं. बाजारातले बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे, त्यांतला ल आणि श आपला वाटत नाही. काकांनी एकेक अक्षर तळहाताएवढं लिहिलं. स्कॅन करून कोरलड्रॉ या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये एकेक वळण बसवलं. शिरोरेषेच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी छपाईत दिसते, म्हणून रेषा एकमेकींवर किंचित चढवल्या. ‘ळ’ लिहिताना बोरूचा तंतू निघाला आणि डाव्या गाठीत बारीक खाच पडली. काका म्हणाले, “राहू दे, हाताचं आहे.”

पुढची वर्षं हंगामामागून हंगाम गेली.

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. ज्यांची लग्नं ठरली होती तेही पुढं ढकलत होते. नेमक्या त्या हंगामात आमच्याच धंद्यातल्या एकानं आमचा फॉन्ट नाव बदलून पेनड्राइव्हवर वाटला आणि निम्म्या दरात पत्रिका काढल्या. विचारलं तर म्हणाला, अक्षरं काय कुणाच्या बापाची असतात? काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. कागदवाल्याची उधारी फेडायला ऑफसेट मशीन विकलं.

औश्याचे एक गुरुजी तीन लेकींच्या पत्रिकांसाठी आमच्याकडेच आलेले. एका संध्याकाळी पाहुण्यांची पत्रिका घेऊन आले आणि ‘वऱ्हाडी मंडळी’वर बोट ठेवलं.

“हा ळ तुमचा. पण ‘वर्हाडी’ असा रफार तुम्ही कधी दिला होता?”

खाच जशीच्या तशी होती. पत्रिका त्याच नकललेल्या फॉन्टची होती. हिंदी कीबोर्डवर बसवताना तो वाटणाऱ्यानं ऱ्ह, ऱ्य ही मराठी जोडाक्षरं उडवली होती. गुरुजींनी त्याच दिवशी नातवाच्या मुंजीची पत्रिका सांगितली आणि सगळे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांतून कागद आणला.

नव्या मुलांना सांगतो: सुलेखनाचा फॉन्ट नावांना आणि मथळ्याला वापरा. मुहूर्त, स्थळ, पत्ता साध्या अक्षरात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे. अक्षरांत अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. स्क्रीन प्रिंटिंगला बारीक रेषा उडतात, आधी एक प्रूफ काढा. आणि ‘वऱ्हाडी’ टाइप करून पाहिल्याशिवाय मराठी फॉन्ट विकत घेऊ नका.

नंतर आम्ही सगळी अक्षरं युनिकोडवर, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतावर, नेली. करणाऱ्या मुलानं ‘ळ’ची खाच चूक समजून बुजवली होती. मी परत उघडायला लावली.