फायबर टाकलं तरी तडा जातो

"फायबर टाकलंय, म्हणजे आता तडा जाणार नाही ना?" मी काँक्रीट तपासण्याच्या कामात आहे म्हटलं की घर बांधणारा प्रत्येक जण हे विचारतो. फायबर म्हणजे काँक्रीट किंवा प्लास्टरच्या मालात मिसळायचे बारीक तंतू. तुम्हीही तुमच्या प्लास्टरबद्दल तेच विचारलंत म्हणून सांगते: तडा जाईल.

फायबर नसलेला काँक्रीटचा बीम यंत्रावर वाकवून तोडला की भाराचा काटा चढत जातो आणि टक्! दोन तुकडे. काच, खडू, काँक्रीट सगळ्यांची हीच जात. ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो आणि तडा लांबला की आणखी वाढतो, म्हणून एकदा सुटलेला तडा आवरत नाही. ब्रिटिश इंजिनिअर ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून हे 1921 साली मांडलं.

त्याच मालात घनमीटरला 30 किलो स्टीलचे, टोकाला हुक असलेले तंतू घाला. पहिली भेग जवळपास तेवढ्याच भाराला पडते! पण बीम तुटून पडत नाही. भेगेचे दोन्ही काठ तंतूंनी टाके घातल्यासारखे धरलेले असतात. भेग रुंदावायची तर एकेक तंतू घासत, हुक सरळ होत उपसून निघायला हवा, आणि तड्याचं बळ त्या ओढाताणीतच खर्ची पडतं. भेगेत डोकावलं तर आत मिशांसारखे तंतू दिसतात.

मग तंतू जितका घट्ट चिकटेल तितका बरा? इथेच सगळे फसतात. फार घट्ट बसला तर तो उपसत नाही, जागीच तुटतो, आणि तडा सरळ पुढे जातो. जेट इंजिनातल्या सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या भागांमध्ये तंतूंवर बोरॉन नायट्राइडचा मऊ थर देतात, तो यासाठीच: तडा आरपार न जाता तंतूच्या कडेनं वळावा. चिकटू नये म्हणून एवढा खटाटोप, याची मला अजून गंमत वाटते.

कल्पना जुनीच. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत. आमची आजीही भिंतीच्या मातीत काड तुडवायची.

तुमच्या प्लास्टरमधले 12 मिलिमीटरचे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू मात्र वेगळ्या कामाचे. माल ओला असताना पाणी उडून जाऊन ज्या केसाएवढ्या भेगा पडतात, त्या ते आवरतात. सळईची जागा ते घेत नाहीत. आणि तंतू टाकले की माल घट्ट वाटतो, मग मिस्त्री वरून बादलीभर पाणी ओततो. ती बादली तेवढी अडवा.