पांढरी पाचच्या जरा वर

इंदूरच्या आपल्या शाळेत विज्ञानाची खोली आणि गाण्याची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही वरून अर्धा हात उघडी. इकडे ओहमचा नियम चालू असताना तिकडून भूपाचे पलटे ऐकू यायचे. कित्येक मुलांना त्याचा त्रास व्हायचा. माझं मात्र त्या उघड्या राहिलेल्या अर्ध्या हातामुळे आयुष्यभराचं कल्याण झालं. १९८० नंतरच्या त्या वर्षांत आम्ही चार-पाच जणांनी शाळेसाठी प्री-ॲम्प्लिफायर बांधला. तो जितका विज्ञानाच्या सरांनी शिकवला, तितकाच गाण्याच्या बाईंनीही शिकवला. दोघांची नावं लिहीत नाही. आमच्या वेळच्या कुणालाही नुसतं ‘सर’ आणि ‘बाई’ म्हटलं की पुरे.

झालं असं की एका पालकांनी शाळेला रेकॉर्ड-प्लेअर भेट दिला. परदेशी बनावटीचा, जड फिरत्या थाळीचा, मॅग्नेटिक कार्ट्रिजचा. कार्ट्रिज म्हणजे सुईचा हेलकावा विजेत बदलणारा भाग. सोबत शास्त्रीय संगीताच्या काही एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या. शाळेचा ॲम्प्लिफायर होता तो पंधरा ऑगस्टला आणि गॅदरिंगला लागणारा, माइकसाठी बनलेला. त्याच्या मागच्या ‘ऑक्झिलरी’ खाचेत प्लेअर जोडला, तर कान लावून ऐकावं लागेल इतका बारीक आवाज. माइकच्या खाचेत जोडला, तर आवाज दणदणीत, पण चिरका आणि पातळ. बाईंनी अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाल्या, “अहो सर, गवई आहे, तबला आहे, पण तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला?”

सरांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशीचा आख्खा तास त्याच्यावर घेतला, अभ्यासक्रमात नसताना. खर्जाचा सूर तबकडीवर जसाच्या तसा कोरायचा म्हटलं, तर चर इतका रुंद हेलकावतो की शेजारच्या चरात घुसेल. अंतर ठेवून कोरावं, तर एका बाजूवर फारच थोडं गाणं मावेल. म्हणून कोरतानाच खालचे सूर दाबतात. वरचे सूर उलट वाढवून कोरतात, कारण तबकडीची खरखर तिथेच असते आणि वाजवताना ते सूर उतरवले की त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. किती दाबायचं आणि किती वाढवायचं, हे आधी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवायची. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने एक वक्र ठरवून दिला. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला आरआयएए म्हणतात आणि पुढे सगळ्या जगाने तोच धरला. वाजवताना नेमका उलटा वक्र लावायचा. १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, सूर जसाच्या तसा ठेवला, तर ५० हर्ट्झचा सूर सुमारे सातपट उचलायचा आणि १०,००० हर्ट्झचा साधारण पाचव्या हिश्श्यावर आणायचा. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो. तो जवळजवळ सहापट उचलावा लागतो. आमचा ॲम्प्लिफायर तो उचलतच नव्हता. बाईंचा खर्ज तबकडीवरच होता, फक्त दबलेला.

शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिज देतं ते चार-पाच मिलिव्होल्ट. घरोघरच्या प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा जोर याच्या कितीतरी पट, म्हणून तिथे हा प्रश्न येत नसे. आम्हाला हवा होता तो हे चिमूटभर व्होल्टेज शंभरेक पट वाढवणारा आणि त्याच वेळी तो वक्र उलटा फिरवणारा डबा, म्हणजेच प्री-ॲम्प्लिफायर.

सर आम्हाला घेऊन महाराणी रोडला गेले. इंदूरकरांना सांगायला नको, बिजलीचं सामान म्हटलं की पाय तिकडेच वळतात. रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, सगळं होतं. प्री-ॲम्पचा तयार किट मात्र नव्हता. दुकानदार म्हणाले, “ये तो बंबई से मँगाना पड़ेगा, भिया.” मग लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानाला पत्र गेलं आणि व्हीपीपीने, म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवून घ्यायचं, पार्सल आलं. पैसे कुठून आले ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण त्या महिन्यात सरांची नवी चप्पल यायची होती ती आली नाही, एवढं आमच्या लक्षात आहे.

पार्सलमध्ये तळहाताएवढी तांब्याच्या रेघांची पट्टी, कागदी पुड्यांत रेझिस्टर, कंडेन्सर, चार ट्रान्झिस्टर आणि एका पानावर छापलेला नकाशा. ट्रान्झिस्टर बीसी १०९ जातीचे, कमी खरखरीचे म्हणून नावाजलेले, धातूच्या चकचकीत टोपीचे. टोपीच्या काठाला एक इवलीशी जीभ असते. जिभेजवळचा पाय एमिटर, उरलेल्या दोनपैकी एक कलेक्टर. एका चॅनेलला, म्हणजे डाव्या किंवा उजव्या आवाजाला, दोन ट्रान्झिस्टर. दुसऱ्याच्या कलेक्टरपासून पहिल्याच्या एमिटरपर्यंत आवाजाचा काही भाग परत आणायचा आणि परत येण्याच्या त्या वाटेवर मोजके रेझिस्टर-कंडेन्सर बसवायचे. आरआयएएचा सगळा वक्र एवढ्याशा जागेत असतो. मला आजही या मांडणीचं अप्रूप वाटतं. इतक्या थोड्या सामानात इतकं नेमकं काम करून घेणारी रचना मी पुढे फार पाहिली नाही.

सरांनी पहिला दिवस डाग देऊच दिला नाही. नुसते रेझिस्टर रंगांवरून ओळखून कागदावर ओळीने टोचायला लावले. पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. तो इनपुटवर का, तर मॅग्नेटिक कार्ट्रिज तेवढ्या भारावरच नीट वाजेल असं बनवलेलं असतं. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७. एका रंगाने दहापट फरक. “रंग वाचता आला नाही तर पुढचं काही वाचता येणार नाही,” असं म्हणून त्यांनी प्रत्येकाकडून पुडी दोनदा मोजून घेतली.

मग सोल्ड्रॉनचं पंचवीस वॉटचं आयर्न तापलं. तार आणि तांबं दोन्ही एकदम तापवायचं, सोल्डर लावायचं ते आयर्नला नाही, जोडाला. दोन-तीन सेकंदांत डाग पसरून चमकला पाहिजे. मळकट, गोळा झालेला डाग दिसला की सर शोषून काढायला लावत. ट्रान्झिस्टरचा पाय पकडीत धरून डाग द्यायचा, म्हणजे उष्णता वर चढत नाही. आमच्यातली एक मुलगी होती, रामबागेतली. तिचा हात इतका स्थिर होता की नाजूक जोड सगळे तिच्याकडेच आले. तिने दिलेले डाग मी पुढे नोकरीत नव्या मुलांना तोंडी वर्णन करून सांगितले आहेत.

वीजपुरवठ्याचा भाग सरांनी स्वतः केला. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, १००० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, नकाशात होता तसाच. २३० व्होल्टच्या बाजूला आम्हाला हात लावू दिला नाही.

जोडणी झाली, बटण दाबलं, आणि बारा इंची स्पीकरमधून घूं असा आवाज भरून राहिला. रेकॉर्ड लावली तर गाणं त्याच्या मागे. मुलांचे चेहरे पडले. सर नकाशा पुन्हा पाहायला लागले. तेवढ्यात बाई पलीकडून आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि घूं ऐकत त्यांनी मान वाकडी केली. मग परत जाऊन पेटी घेऊन आल्या, एका हाताने भाता, एका हाताने पट्टी. “पांढरी पाच,” त्या म्हणाल्या, “पण जरा वर. अगदी जरासा चढा.”

सरांनी खडू उचलला. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, आणि खर्जात ती ९८ हर्ट्झ. जरा वर, म्हणजे १००. फळ्यावर १०० लिहून त्यांनी त्याभोवती गोल काढला आणि आम्हाला विचारलं, “आपली वीज किती हर्ट्झची?” पन्नास. “मग शंभर कुठून आले?” कुणालाच येईना. तेव्हा त्यांनी विजेची लाट काढली. दोन डायोड लाटेचा खालचा अर्धा भागही वर घेतात, म्हणजे एका लाटेचे दोन उंचवटे होतात आणि पन्नासाचे शंभर. म्हणजे घूं येत होती ती डायोडच्या पुढून, वीजपुरवठ्यातून, कारण एकट्या कंडेन्सरने ते उंचवटे पुरते सपाट होत नव्हते. ट्रान्झिस्टर निर्दोष, रामबागेतल्या मुलीचे डाग निर्दोष. एका स्वरावरून निम्मा डबा संशयातून सुटला.

उपाय साधा होता. पुरवठ्याच्या वाटेत ४७० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे १००० मायक्रोफॅरडचा आणखी एक कंडेन्सर. १०० हर्ट्झला तो कंडेन्सर दीड-एक ओहमच दाखवतो, त्यामुळे उरलेला उंचवटा जवळपास तीनशेव्या हिश्श्यावर येतो. हा हिशेब सरांनी आमच्याकडून करून घेतला, मग सामान लावलं.

बटण दाबलं. घूं पुष्कळ कमी, पण गेली नव्हती. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “तोच स्वर आहे. पण सप्तक उतरलं.”

शंभराच्या सप्तकभर खाली पन्नास. सर खुर्चीवरून उठलेच. पन्नास म्हणजे डायोडच्या अलीकडची गोष्ट, खुद्द ट्रान्सफॉर्मर. त्याचं चुंबकीय क्षेत्र हवेतून इनपुटच्या तारांत शिरत होतं आणि आमचा डबा, ज्याचं कामच ५० हर्ट्झला सातपट उचलणं, तो ते इमानाने उचलत होता. खर्ज परत आणायचा तर घूंही वाढणार. रेकॉर्डसाठीच्या प्री-ॲम्पची खरी कठीण जागा हीच, आणि ती आम्हाला त्या दुपारी कानांनी समजली.

मग ट्रान्सफॉर्मर लांब तारेवर बाहेर काढला. मी तो हातात धरून हळूहळू फिरवायचा आणि बाईंनी स्पीकरशी बसून हाताने खाली-वर दाखवायचं. एका कोनावर घूं अगदी बसली. त्याच कोनात तो लाकडी फळीवर स्क्रूने आवळला. पट्टीला सरांनी नमकीनच्या पत्र्याच्या डब्यात घातलं. इंदुरात असा डबा कुठल्याही घरी मिळतो. पत्रा लोखंडी, वर कथिलाचा मुलामा, त्यामुळे क्षेत्र अडवतो आणि अर्थची तार सरळ त्यावर डाग देऊन बसवता येते. इनपुटला जाळीची तार घातली. प्लेअरची, डब्याची आणि ॲम्प्लिफायरची अर्थ इनपुटजवळच्या एकाच स्क्रूवर आणली, कारण अर्थ दोन जागी जोडली की तारांचा वेढा तयार होतो आणि तोही पन्नास हर्ट्झ गोळा करतो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर कुणी घरी गेलं नाही. बाईंनी अमीर खाँसाहेबांची एलपी काढली. खाँसाहेब इंदूरचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारी सारंगी वाजवत, हे बाईंनी सुई ठेवण्याआधी सांगितलं. १९७४ मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात खाँसाहेब गेले. बाईंना ती बातमी काल-परवाची वाटत असावी, इतक्या हळू त्या बोलल्या. मग तंबोरा सुरू झाला. चौथी तार, खर्ज, बाकावर ठेवलेल्या हाताला जाणवेल असा. त्यावर खाँसाहेबांचा मंद्रातला आलाप, अतिविलंबित, पुढच्या स्वराची अजिबात घाई नसलेला. माइकच्या खाचेतून हाच माणूस आम्ही ऐकला होता तेव्हा त्याच्या आवाजाचा तळ आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

पुढे मी एसजीएसआयटीएस या इंदूरच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि ध्वनियंत्रांच्या कामातच राहिलो. ऑसिलोस्कोप आला, मोजमापाची महागडी यंत्रं आली. पण कुणी घूं करणारा ॲम्प्लिफायर आणला, की मी आधी तंबोऱ्याचा सूर लावून घूंचा स्वर पाहतो. पांढरी पाचच्या जरा वर असेल, तर वरच्या सप्तकात की खालच्या, एवढंच विचारायचं. वरच्या सप्तकात असेल तर फिल्टरचा कंडेन्सर सुकलाय. खालच्या असेल तर तारा, अर्थ किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा. कव्हर उघडण्याआधी निम्मं काम झालेलं असतं. हे ज्ञान मला महाविद्यालयात कुणी दिलं नाही. तिथे भिंती छतापर्यंत होत्या.

आता बीसी १०९ ची जागा एनई ५५३२ सारख्या आयसींनी घेतली आहे. स्थिर व्होल्टेज देणारा रेग्युलेटर बोटभर जागेत बसतो, त्यामुळे शंभराची घूं सहसा राहत नाही. पन्नासाची अजून राहते. वीज तीच, वक्र तोच १९५४ चा, आणि जुन्या तबकड्या काढून ऐकणारी तरुण मुलं पुन्हा दिसू लागली आहेत. आपल्या गावात किती घरांत माळ्यावर एलपींच्या चळती पडून असतील, याचा विचार केला की मला खरोखर हुरूप येतो.

नव्या इमारतीत विज्ञानाची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आणि संगीत तळमजल्यावर आहे, असं मुख्याध्यापकांकडून कळलं. त्यांना मी पत्र लिहिलं आहे. शनिवारी दुपारी दोन तास प्रयोगशाळा मिळाली, तर नववीच्या मुलांकडून मी प्री-ॲम्पचे किट बांधून घेईन. किट, आयर्न, सोल्डर मी आणतो. शाळेने फक्त पेटी वर पाठवावी, आणि सध्याच्या गाण्याच्या शिक्षिकांना शक्य असेल तर त्यांनीही यावं.