हिडकलचं पाणी आणि परसातला आड

परवा मी पोरांना ओरडत होतो, खोलीत कोण नाही आणि फॅन चालू, तर शेजारच्या काकू दारातनंच म्हणाल्या, "कशाला ओरडूलास रे त्यांना, बिल तर झिरो येतंय की."

खरंय त्यांचं. 2023 पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आली, महिन्याला 200 युनिटपर्यंत बिल माफ, आमच्या बेळगावच्या वडगावात मागावर पोट असलेल्या घरांना त्याचा किती आधार झालाय ते मी डोळ्यानं बघतोय, त्यामुळं योजनेला मी नावं ठेवणार नाही. पण बिल झिरो झालं म्हणून रायचूर, बळ्ळारी, कुडगीच्या वीज केंद्रात कोळसा जळायचा थांबत नाही ना. आपल्या देशात एक युनिट विजेमागं सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पैसे सरकारनं भरले तरी धूर तेवढाच.

एलईडी लावा, फॅन बंद करा हे सगळ्यांना पाठ आहे आणि ते करायलाच पाहिजे. पण आपल्या बेळगावात वीज खाणारी एक गोष्ट आहे जिच्याकडं कुणाचं लक्षच जात नाही, ती म्हणजे नळाचं पाणी.

जुलैमध्ये आपण सगळेच पेपरात मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप धरणाची पातळी बघतो, 2475 फूट झाली की धरण भरलं म्हणून जीव खाली पडतो. आपलं शहर साधारण 2500 फुटावर, म्हणजे राकसकोप जवळजवळ आपल्याच उंचीवर आहे. पण शहर वाढलं तसं मार्कंडेयचं पाणी पुरेना, मग घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणावरनं पाणी आणलं. आणि हिडकल पूर्ण भरलं तरी पातळी 2175 फूट! म्हणजे तिथलं पाणी 300 फूट वर चढवायचं, तेही पन्नासेक किलोमीटर लांबनं, आणि उन्हाळ्यात धरण खाली गेलं की अजून जास्त. मी कागदावर हिशोब केला, 1000 लिटर नुसतं 300 फूट उचलायलाच पाव युनिट लागतं, त्यात पाईपचं घर्षण आणि पंपाचं नुकसान धरलेलं नाही. घरात दिवसाला 500 लिटर म्हटलं तर महिन्याला पावणेचार युनिट, जी आपल्या मीटरवर कधी दिसतच नाहीत. त्याच्यावर परत खालच्या टाकीतनं गच्चीवर चढवायला आपली मोटर वेगळीच. तिकडं पंपिंगची लाईट गेली की इकडं चार गल्ल्यात पाणी नाही, हे तर आपण दरवर्षी भोगतोय.

म्हणून ह्या उन्हाळ्यात आम्ही परसातला आड उपसला. आजीच्या वेळी त्याला रहाट होता, नळ आला आणि त्यावर फरशी पडली, मग वीस वर्षं कुणी डोकावलं नाही. तीन दिवस गाळ काढला, चपला, बाटल्या, एक पितळी तांब्यापण निघाला, तो बघून आईच्या डोळ्यात पाणीच आलं, कारण तो आजीचा होता. पाणी 22 फुटावर लागलं. 300 कुठं आणि 22 कुठं! पिण्यासाठी आम्ही वापरत नाही, पण भांडी, कपडे, संडास, झाडं सगळं त्याच्यावर चाललंय.

आता गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडायचं काम चालू आहे. आपल्याकडं 50 इंचाच्या आसपास पाऊस पडतो, 500 चौरस फुटाच्या गच्चीवरनं वर्षाला 50 हजार लिटर तरी सहज मिळेल, तेवढं पाणी आज सरळ गटारीत जातंय.

1924 साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा माणसांच्या पाण्यासाठी इथंच विहीर खणली होती, ती काँग्रेस विहीर आजपण आहे. शहापूर, अनगोळ, वडगावात कितीतरी घरांच्या परसात असेच आड फरशीखाली झाकून पडलेत. महापालिकेला ह्या आडांची पण मोजणी करावीशी वाटली पाहिजे, गाळ काढायला थोडी मदत दिली तरी लोक पुढं येतील असं मला मनापासून वाटतंय.

काल काकू येऊन आड बघून गेल्या, त्यांच्या मागल्या दारी पण एक आहे. रविवारी सकाळी सातला फरशी उचलायची ठरलंय, दोन पहारी आणि दोरखंड आमच्याकडं आहे, कुणाकडं जुना रहाट पडून असेल तर घेऊन या.