डिस्प्लेवर मायनस १८, बाटलीत मायनस ९

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॉकटेलच्या (दारू नव्हे, फळं-आइस्क्रीमचा ग्लास) दुकानातला काचेच्या दाराचा उभा फ्रीझर. तक्रार एकच, आइस्क्रीम रवाळ लागतंय आणि गिऱ्हाईक ग्लास परत करतंय. माझ्याआधी दोघांनी गॅस भरून पैसे नेले होते. गॅस कमी असता तर मशीन मायनस १८ पर्यंत उतरलंच नसतं आणि कॉइलवर, म्हणजे आत गारवा देणाऱ्या नळ्यांवर, बर्फ एका टोकालाच धरला असता. इथं बर्फ वरपासून खालपर्यंत सारखा होता. पण आपल्याकडं फ्रीझर बिघडला की आधी गॅस, हे ठरलेलंच.

मालकांनी स्वस्तातला वायरवाला थर्मामीटर आत सोडला होता. "मिस्त्री, दिवसातनं चारदा ह्यो आकडा प्लसमध्ये जातोय बघा," म्हणाले. मी फ्रीझरचा डिस्प्लेवाला कंट्रोलर बघितला, मायनस १८. "मीटरच बाद हाय तुमचा," असं सांगून परत आलो. हे अजून खुपतंय, कारण मीटर बरोबर होता.

डिफ्रॉस्ट, म्हणजे हिटर लावून कॉइलवरचा बर्फ वितळवणं, चालू असताना डिस्प्लेवरचा आकडा आहे तिथंच अडकवून ठेवायची सेटिंग कंट्रोलरमध्ये असते. उगाच कुणी घाबरू नये म्हणून. या मशीनमध्ये डिफ्रॉस्ट संपल्यावरही अर्धा तास तो आकडा तसाच राहत होता. म्हणजे आत पाणी होतंय आणि बाहेर मायनस १८.

दुसऱ्या खेपेला १०० मिलीची बाटली नेली. त्यात निम्मं ग्लिसरीन, निम्मं पाणी; ते साधारण मायनस २३ पर्यंत गोठत नाही. झाकणाला भोक पाडून एक प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) बाटलीत घातला, दुसरा मोकळ्या हवेत टांगला. हवा क्षणात वरखाली होते, माल होत नाही. बाटली मालासारखी वागते. डिफ्रॉस्ट लागल्यावर हवा प्लस ६ पर्यंत गेली. एवढ्यावर मी घाबरलो नसतो, पण बाटलीही मायनस ९ ला आली. मायनस ९ ला आइस्क्रीममधले बर्फाचे बारीक खडे वितळतात आणि परत गोठताना मोठे होतात. रवाळपणा तिथला.

हिटर ४०० वॅटचा, क्लॅम्प मीटरवर १.७ अँपिअर, म्हणजे ठणठणीत. ड्रेनचं पाणी मापात धरलं, ६०० मिली भरलं. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, ४०० वॅटचा हिटर मिनिटाला २४ देतो. ६०० ग्रॅमला आठ-नऊ मिनिटं, कॉइल आणि ट्रे तापायला धरून पंधरा. हिटर चालत होता ४५ मिनिटं! उरलेला अर्धा तास तो नुसता पेटी तापवत होता.

कारण कॉइलचा प्रोब फिन्समधून, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमधून, निसटून हवेत लोंबत होता. बंद करायचं तापमान त्याला कधी दिसतच नव्हतं, त्यामुळं प्रत्येक डिफ्रॉस्ट कमाल वेळेवरच संपायचा. प्रोब बर्फाच्या पाण्यात बुडवून मोजला, २७ किलोओहमच्या आसपास, म्हणजे १०केचा (२५ अंशाला १० किलोओहम, थंडीत वाढतो) चांगला प्रोब. बदलायची गरज नव्हती. बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो तिथं, हिटरपासून लांब, धातूच्या क्लिपनं बसवला. हिटरजवळ बसवला तर डिफ्रॉस्ट लवकर तुटतो आणि आठवड्यात कॉइलची लादी होते. प्लास्टिकची पट्टी नको, गरम-थंड होऊन कडक पडते आणि तुटते.

मग सेटिंग. संपण्याचं तापमान ८ अंश, कमाल वेळ ३० मिनिटं, पाणी निथळायला ३. फॅनचा उशीर कुणीतरी शून्य करून ठेवला होता, त्यामुळं डिफ्रॉस्टनंतर गरम दमट वारा सरळ मालावर. आता कॉइल मायनस ५ ला आल्याशिवाय फॅन फिरत नाही. दोन डिफ्रॉस्टमधलं अंतर ६ तासच ठेवलं. आषाढातली कोल्हापूरची हवा आणि दर मिनिटाला उघडणारं दार, ८ तास परवडले नसते.

या कंट्रोलरला घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की मोजणी पहिल्यापासून, आणि पावसाळ्यात ती किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. मग डिफ्रॉस्ट नेमका रात्री आठच्या गर्दीत लागतो. म्हणून दुकान बंद करताना ११ ला बटण धरून डिफ्रॉस्ट लावायला सांगितलं; पुढचे पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५. लाइट गेली तर रात्री परत तेच.

आता हवा मायनस ७ पर्यंत चढते, बाटली मायनस १५ च्या वर येत नाही. चार लिटरचे तीन पॅक मात्र टाकावे लागले, रवाळ झालेलं आइस्क्रीम कितीही थंड केलं तरी मऊ होत नाही.

प्रोबची जुनी क्लिप तुटलेली नव्हती, निघालेली होती, आणि शेजारच्या फिन्सवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते. बर्फ खरवडला कुणी, हे दुकानातला कुणीच सांगेना.

डिस्प्लेचं अडकणं मी बंद केलंय. पाच वाजून गेले की मालकांचा फोन येतो, "मिस्त्री, मायनस ७ झालंय." मी म्हणतो, "बाटली बघा."

"बाटली सोळा हाय."

"मग दार लावा आणि गिऱ्हाईक बघा."