वहीत आठ, तोंडी नकार

निवड समितीत प्रमुख सोडून आम्ही पाच जण होतो. उमेदवार बाहेर गेली आणि प्रमुखांनी डावीकडून एकेकाचं मत विचारायला सुरुवात केली. पहिला म्हणाला, "नको." दुसरा म्हणाला, "तयारी कमी वाटली." तिसरीनेही मान हलवली. माझ्या वहीत त्या मुलीपुढे दहापैकी आठ गुण लिहिलेले होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "हो, जरा कच्चीच आहे." आणि वही मिटली.

मला कुणी दटावलं नव्हतं. गप्प बसून माझा काही फायदाही नव्हता.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग मी कॉलेजात परीक्षेपुरते घोकले होते. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती, ते सांगायचं. एकट्याने करायला दिलं तर चूक शंभरात एकही होत नसे. पण खोलीतल्या बाकीच्यांनी संगनमत करून एकच चुकीचं उत्तर दिलं, की खऱ्या सहभागींची सुमारे ३७ टक्के उत्तरं त्यांच्यामागे वाहवत जात. (म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश बरोबर येत, हे मात्र आपण घोकत नाही. साधारण पाव लोक तर एकदाही बधले नाहीत. मी त्यांच्यातली नाही, हे आता कळलं.)

परवा पुन्हा वाचताना मी अडखळले ती आकड्यांवर नव्हे, प्रयोगानंतर सहभागींच्या घेतलेल्या मुलाखतींवर. काही जणांना वाटलं, आपलीच नजर चुकत असेल. काहींना उगाच प्रयोग बिघडवायचा नव्हता. आणि काहींना संशय आला होता की बाकीचे सगळे पहिल्याच्या मागे मेंढरांसारखे चाललेत. तरी तेही चाललेच! त्या बैठकीत माझ्याही मनात अगदी हेच आलं होतं: पहिला 'नको' म्हणाला म्हणून हे सगळे 'नको' म्हणताहेत.

ॲशने मी कशी घसरले ते दाखवलं. पण मला रात्री झोप का लागेना, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलकडे मिळालं. १८५९ मध्ये त्याने लिहिलं की समाजाची जुलमी सत्ता सरकारी सत्तेपेक्षा खोल शिरते, आणि एखादं मत दाबलं गेलं की नुकसान ते मांडणाऱ्यापेक्षा ते न पटणाऱ्यांचं जास्त होतं. हे वाचताना मला नेहमी मत दाबणारा कुणीतरी दुसरा दिसायचा. इथे दाबणारी मी, आणि मतही माझंच.

दोन दिवसांनी माझ्यानंतर पाळी असलेला, आमच्यातला सगळ्यात नवा सहकारी जिन्यात भेटला. "मॅडम, मला ती मुलगी चांगली वाटली होती. म्हटलं, तुम्ही तरी बोलाल."

ॲशच्या प्रयोगात खरं बोलणारा एक जोडीदार मिळाला की चुका चौथ्या हिश्शावर येत. हेही मी परीक्षेत लिहिलं होतं.

आता आम्ही चर्चेआधी गुण चिठ्ठीवर लिहून प्रमुखांकडे देतो. मीच सुचवलं. का, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या मुलीला मात्र नकाराचं पत्र आधीच गेलं होतं.