सहावीचा धडा ग्रामसभेत नेला त्याची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो. सहावीला ग्रामीण स्थानिक शासनसंस्थांचा पाठ आहे. ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, सगळं पोरं दोन तासांत पाठ करतात आणि चाचणी झाली की विसरतात. पुढे दहावीत राज्यशास्त्राला 12 गुण, त्यामुळे कुणी फार जीव टाकत नाही.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आम्हीही घेतो. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाई, ग्रुपवर फोटो. निकाल लागला की 'आरोग्यमंत्र्या'ला वर्षभर काम नसतं. मत द्यायला शिकवणं सोपं आहे हो. मत दिल्यावर पुढची पाच वर्षं काय करायचं, ते शिकवायचं राहून जातं.

त्या वर्षी मुलींनीच विषय काढला. स्वच्छतागृह होतं, त्यात पाणी नव्हतं. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या, काही परत यायच्याच नाहीत. मी म्हटलं, ग्रामसभेत मांडू. लगेच प्रश्न आला, "सर, आमाले थोडीच बोलू देतीन?" खरं होतं. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार, वय 18 पूर्ण. मग पोरांनी स्वतःच वाट काढली: अर्ज आपण लिहू, सही माय करंन.

त्याआधी पैशाचा शोध घेतला. सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुठल्याही गावाचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. वर्गात माझ्या मोबाइलवर आपलं गाव उघडलं, तेव्हा जो गलका झाला तो भारताचा सामना जिंकल्यावरही होत नाही. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता, 40 टक्के मोकळा, 'अबंधित'. म्हणजे आमचा नळ बंधितमध्ये सरळ बसत होता. 'निधी नाही' या उत्तरावर काय विचारायचं, ते पोरांना आता माहीत होतं.

अर्ज तीनदा फाडला गेला. पहिल्यात 'कृपा करून' चार वेळा होतं. मी सांगितलं, कृपा मागू नका, विषयपत्रिकेत विषय घ्या म्हणा. ग्रामसेवकांनी (पदाचं नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, गावात अजून कुणी म्हणत नाही) अर्ज घेतला, पण पोच देईनात. एक पोट्टी तिथंच उभी राहिली. पोच मिळाली. शाळेतलेच एक जण मला म्हणाले, "सर, राजकारण शाळेत कायले आणता?" मी चहा पाजून विषय संपवला.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा सह्यांच्या रजिस्टरात होते. या वेळी आया खरोखर आल्या, कारण घरी पोरी मागेच लागल्या होत्या. तिथं ठराव झाला आणि विषयाला वजन आलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा. पोरं मागे वह्या घेऊन बसलेली. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा लागतो. आमचे मतदार बाराशेच्या आसपास, म्हणजे 100. पोरांनी डोकी मोजली, शंभर काही भरेनात. बरेच जण निंदणाला गेलेले. सभा तहकूब. पोरं चिडली, मला मात्र बरं वाटलं. गणपूर्ती म्हणजे काय, ते मी फळ्यावर असं शिकवूच शकलो नसतो.

मधल्या दिवसांत त्यांना गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाबद्दल सांगितलं. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे भोवतालच्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळवणारं गाव, जिथं ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेते. मागच्या बाकावरून आवाज आला, "आपल्या गावात सगळ्यायचं एकमत? दिवाळी येईन, सर." हसलो, पण पोरगं गाव ओळखून होतं.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. विषय आला तेव्हा सरपंच म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. एक माय उठली, महिला सभेचा ठराव वाचायला सांगितला आणि बंधित निधी किती शिल्लक आहे तेही विचारलं. पदरात पोरीनं लिहून दिलेली चिठ्ठी होती. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पोरांनी ठरावाच्या नकलेसाठी अर्ज लिहिला. तो मी सांगितला नव्हता.

टाकी आणि नळ बसले. आता मोटरचं वीजबिल शाळेनं भरायचं की ग्रामपंचायतीनं, हा घोळ आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेसाठी तोच विषय दिलाय. अर्ज यंदा सातवीत गेलेल्या पोरांनी लिहिला, आणि त्यात 'कृपा' एकदाही नाही.